त्या दशकाला म्हणायचं काय?

गेल्या महिन्यात ऑफिसात एक फालतू वाटणारं काम माझ्या गळ्यात पडलं. आमच्या गाण्यांच्या ॲपची मराठी आवृत्ती काढायची होती, आणि बटणांवरचा सगळा मजकूर मराठीत करायची जबाबदारी "तू मराठी आहेस ना" या एकमेव पात्रतेवर माझ्याकडे आली. जुनी गाणी दशकानुसार लावलेली. साठचं दशक, सत्तरचं दशक, ऐंशीचं, नव्वदचं... फटाफट लिहीत सुटलो आणि पुढच्याच ओळीवर गाडी अडली. इंग्रजीत तिथे 'टू थाउजंड्स' होतं. मराठीत काय लिहिणार? 'दोन हजारचं दशक' लिहिलं, मोठ्याने वाचलं, खोडलं. 'शून्याचं दशक' म्हटलं तर दहा वर्षांत काहीच घडलं नाही असं वाटतं. 'एकविसाव्या शतकाचं पहिलं दशक' बटणात मावेना.

हसू नका, पण मला थोडं लागलंच ते. बाबा आरामात "ऐंशीच्या दशकात आम्ही..." अशी सुरुवात करतात आणि समोरच्याला चित्र दिसतं. माझी अख्खी शाळा, म्हणजे निदान सातवीपर्यंतची, ज्या दहा वर्षांत झाली त्यांना हाक मारायला शब्दच नाही! मी सत्त्याण्णवचा. धाकटी बहीण मात्र 'दोनची' नाही, तिला दर वेळी 'दोन हजार दोन' असं पूर्ण सांगावं लागतं.

मग शनिवार-रविवार याच्यामागे घालवला. आधी इंग्रजीवाल्यांनी काय केलं ते पाहिलं, कारण ही दशकांची सवय आपल्याला त्यांच्याकडूनच लागली आहे. तर त्यांचंही घोडं इथेच अडलेलं. ब्रिटनमध्ये शून्याला 'नॉट' म्हणतात, म्हणून २००० च्या सुमारास तिथल्या पत्रकारांनी 'नॉटीज' काढलं. त्यात 'नॉटी'वरचा पांचट विनोद फुकट. ब्रिटनमध्ये ते बऱ्यापैकी चाललं, अमेरिकेत फारसं नाही. अमेरिकेत जुना शब्द 'ऑट'. याची गंमत अशी की 'अ नॉट' हे ऐकताना 'अन ऑट' झालं आणि शून्याच्या अंगावरचा 'न' गळून पडला. 'ऑट'चा खरा जुना अर्थ 'काहीही, कुठलीही वस्तू'. म्हणजे 'काहीतरी' या अर्थाचा शब्द 'काही नाही'साठी वापरात आला. शंभर वर्षांपूर्वीचे अमेरिकन १९०६ ला 'नाइन्टीन ऑट सिक्स' म्हणत. तो उच्चार आज एका बंदुकीच्या काडतुसात शिल्लक आहे. अमेरिकन सैन्याने १९०६ मध्ये स्वीकारलेल्या काडतुसाचं नाव 'थर्टी ऑट सिक्स', यातला 'ऑट सिक्स' म्हणजे ते साल.

पण १९०० ते १९०९ या अख्ख्या दशकाला त्या लोकांनी आकड्याचं नाव दिलंच नाही. ब्रिटनला गरज पडली नाही. सातवा एडवर्ड जानेवारी १९०१ मध्ये गादीवर आला, मे १९१० मध्ये वारला. जवळजवळ दशकाच्या मापानेच राज्य केलं म्हणा ना! झालं, 'एडवर्डियन'. फ्रेंचांचं 'बेल एपोक', म्हणजे 'सुंदर काळ', तर पहिल्या महायुद्धात सगळं बेचिराख झाल्यावर मागे वळून ठेवलेलं नाव. त्या सुंदर काळात जगणाऱ्यांना त्याचा पत्ताच नव्हता.

आता मूळ अडचण काय आहे ते बघू. आपण दशकाला नाव देतो ते दहाच्या घरातल्या आकड्यावरून: साठ, सत्तर, ऐंशी. बोलीतले आकडे मात्र रिकामं घर उच्चारतच नाहीत. २००५ लिहिताना दोन शून्यं काढावीच लागतात, नाहीतर पंचवीस होईल. पण बोलताना 'दोन हजार पाच', मधली दोन्ही घरं गायब. आणि पहिल्या दशकाचं नाव नेमकं त्या न उच्चारलेल्या घरात असायला हवं. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर तिथे शून्य ही किंमत नाही, तिथे 'नल' आहे. प्रोग्राम कोसळणारच.

हा घोळ फक्त इसवी सनाचा नाही. मराठी कागदपत्रांत शुहूर सन नावाची कालगणना असे. दख्खनच्या सुलतानी कारभारातून आपल्या दफ्तरात आलेली, मृग नक्षत्राला वर्ष सुरू होणारी, आणि आकडे चक्क अरबी शब्दांत, एककापासून उलटे. पानिपतचं साल 'इहिदे सितैन मया व अलफ'. इहिदे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. एकूण ११६१, म्हणजे इसवी १७६०-६१. आता पुढे या. नाना फडणीस वारले १३ मार्च १८०० ला. त्या दिवशी शुहूर सन होता 'मयातैन व अलफ', दोनशे आणि हजार. बास! एककाच्या आणि दहाच्या जागी कारकुनाने काहीही लिहायचं नाही. वसईचा तह (३१ डिसेंबर १८०२) 'सलास मयातैन व अलफ' मध्ये, तीन-दोनशे-हजार. म्हणजे पेशवाई मोडकळीला आली ते शतकही असंच बिननावाच्या दशकाने सुरू झालं. मला नाही वाटत एकाही कारकुनाची झोप त्यापायी उडाली असेल. यशवंतराव होळकरांनी हडपसरला शिंदे-पेशव्यांचा पराभव केला, बाजीराव पळाला, वसईला सही करून बसला. ज्याला सालाची आठवण काढायची त्याला एवढ्या खुणा पुरे होत्या.

आणि शंभर वर्षांनी? १८९९-१९०० चा भयंकर दुष्काळ गुजरात-राजस्थानात आजही 'छप्पनिया' नावाने ओळखला जातो, कारण विक्रम संवत होतं १९५६. हे मला फार आवडलं. तेच वर्ष इंग्रजी कॅलेंडरवर 'नाइन्टीन हंड्रेड' असं गुळगुळीत, जिभेला धरायला काही नाही. आणि विक्रम संवतात 'छप्पन', ऐकताच दचकावं असं. वर्ष तेच, मोजणारा दुसरा. शक धरला तर माझी शाळासुद्धा शके १९२२ ते १९३१ मध्ये येते, म्हणजे शतकाच्या विशीत! शालिवाहनाचं बिननावाचं दशक होतं इसवी १९७८ ते १९८८. आमच्या बाबांचं कॉलेज. (त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग काय करू?")

आता माझा एक आवडता अंदाज. पुरावा मागू नका. आपण मोठ्या घटना सालाने लक्षात ठेवतो. बेचाळीसची चळवळ, पानशेतचा एकसष्टचा पूर, बहात्तरचा दुष्काळ, त्र्याण्णवचे बॉम्बस्फोट. २००० नंतरच्या दहा वर्षांत बघा: नाइन इलेव्हन (२००१), सव्वीस जुलै (२००५), सव्वीस अकरा (२००८). एकाएकी सालं गेली, तारखा आल्या. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला ते साल कोणतं, हे मुंबईकराला क्षणभर आठवावं लागतं. सव्वीस जुलै मात्र पाठ. मला वाटतं, सालाला सुटसुटीत नाव नव्हतं म्हणून लोकांनी तारीख पकडली. सव्वीस अकरा हे अमेरिकेच्या वळणावर बेतलेलं नाव आहे हे मान्य (फक्त त्यांचा महिना आधी, आपला दिवस आधी). पण सांगलीच्या मामाकडे दोन्ही महापुरांचे किस्से निघतात तेव्हा २०१९ चा असतो 'एकोणीसचा पूर' आणि त्याआधीचा कायम 'दोन हजार पाचचा'. 'पाचचा पूर' म्हणताना मी त्याला कधी ऐकलं नाही. दशक बदललं, आकड्यांना पुन्हा मूठ आली, सालं परत आली.

समीक्षकांकडे 'साठोत्तरी' आहे, 'नव्वदोत्तरी' आहे. 'शून्योत्तरी' म्हणून बघा, जीभ अडते. जर्मन लोक बिनदिक्कत 'नुलरयारं', शून्याची वर्षं, म्हणतात. चिनी लोक त्या दशकात जन्मलेल्या पोरांना 'लिंग लिंग हौ' म्हणतात, शून्य-शून्यवाले. आपण शून्य जगाला दिलं म्हणून कॉलर ताठ करतो आणि सालाला लावायची वेळ आली की लाजतो.

लिहिता लिहिता आणखी एक सुचलं. वयाचंही असंच आहे. विशी, तिशी, चाळिशी, पन्नाशी आहे. पहिल्या दहा वर्षांना 'शी' लागत नाही.

रविवारी रात्री आईला फोन केला तेव्हा सहज विचारलं, "२००० ते २००९, या दहा वर्षांना तू काय म्हणतेस?" तिला प्रश्नच कळला नाही. दोनदा समजावल्यावर म्हणाली, "तुम्ही लहान होतात तेव्हा, असं म्हणते. का रे?"

बटणावर शेवटी '२०००-०९' टाकून सोमवारी ते टिकेट बंद केलं.