चुन्यातील वायूची कुळकथा

नसरापूरच्या शिवेवरील गर्द बनात, नानासाहेब पेशव्यांच्या अमदानीत, १७४९ च्या सुमारास बनेश्वराचे देवालय उभे राहिले, त्या काळी पुणे प्रांतातील कोणत्याही पक्क्या इमारतीस काळा दगड, भाजलेली वीट आणि मळलेला चुना हीच मुख्य द्रव्ये लागत. यांपैकी दगड आणि वीट भूमीतून निपजतात, हे सर्वांस ठाऊक असते. परंतु भिंतीत पुरता मुरून कठीण झालेल्या शुद्ध चुन्याच्या १०० भाग वजनात ४४ भाग वजन एका वायूचे असते आणि तो वायू चुन्याने सभोवतालच्या हवेतून घेतलेला असतो, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. वातावरणातील वायूंचे रसायनशास्त्र ज्या पदार्थाच्या परीक्षणातून आकारास आले, तो पदार्थही हाच; म्हणून चुन्याची कुळकथा ही त्या शास्त्राचीही कुळकथा आहे.

चुना भाजणे हा लोणाऱ्यांचा पिढीजात धंदा. ओढ्यांच्या पात्रांतून आणि काळ्या जमिनीतून निघणारी चुनखडी वेचून लोणारी ती जळणाच्या थरांबरोबर भट्टीत रचीत. भट्टी पेटली, की सुमारे ९०० अंश सेल्सिअसच्या उष्णतेत चुनखडीतील वायू निघून जाई आणि मागे, वजनाने हलका झालेला व पाणी पडताच फसफसून तापणारा, कळीचा चुना राही. पाण्यात विरवलेला हा चुना वाळूसह घाण्यात घालीत आणि बैलांनी ओढलेल्या दगडी चाकाखाली तो लोण्यासारखा मऊ होईपर्यंत मळीत. त्यात गुळाचे पाणी, हिरड्याचा काढा, बेलफळाचा गर असे जिन्नस मिसळण्याचीही चाल होती. गवंड्याने दर्जा भरल्या, गिलावा केला, की माणसाचे काम संपे आणि हवेचे सुरू होई. भट्टीतून जो वायू निघून गेला, त्याच जातीचा वायू चुना हवेतून हळूहळू शोषून घेई, अंगातले पाणी सोडी आणि पुन्हा आपल्या मूळ चुनखडीच्या रूपास येई. चुनखडीत चिकणमातीचा अंश असल्यास चुन्याचा काही भाग पाण्याच्या योगानेही घट्ट होतो. पण उरलेल्यास हवेवाचून गती नसते, आणि जाड भिंतीच्या गाभ्यात हे कार्य शतकानुशतके चालू राहू शकते.

आता चुनखडीत तरी हा वायू कोठून आला, हे पाहू गेले असता कथा फार मागे जाते. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीवर लाव्ह्याचे थरांवर थर पसरले आणि त्या उद्रेकांतून या वायूचे प्रचंड लोट वातावरणात मिसळले. पावसाचे पाणी हवेतून व मातीतून तोच वायू घेऊन सौम्य आम्ल बनते, काळ्या पाषाणास झिजवते आणि त्यातील कॅल्शियम विरघळवून नेते. भोर-वेल्ह्याच्या मुसळधार पावसात ते बहुतेक नद्यांवाटे वाहून जाते; पूर्वेकडील कमी पावसाच्या मुलखात मात्र पाणी आटते आणि कॅल्शियम व वायू यांच्या संयोगाने चुनखडीचे खडे जमिनीत साठतात. लोणाऱ्याची भट्टी त्या खड्यांतून जो वायू मोकळा करी, तो अशा रीतीने पूर्वीच्या पावसाने आकाशातून उतरविलेला असे.

बनेश्वराचा चुना अजून पुरता मुरलाही नसेल, अशा १७५४ साली, स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे जोसेफ ब्लॅक या तरुण वैद्यकाच्या विद्यार्थ्याने आपला प्रबंध सादर केला. मूतखड्यावर निर्धोक औषध शोधताना तो मॅग्नेशिया आणि चुना यांच्या परीक्षणाकडे वळला होता. भाजण्यापूर्वीचे व भाजल्यानंतरचे वजन त्याने काट्यावर काटेकोरपणे ताडून पाहिले, आणि भट्टीत चुनखडी काही कमावत नसून एक वायू गमावते, व तो वायू परत मिळताच ती पूर्ववत होते, हे १७५६ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात सिद्ध केले. तत्पूर्वी भट्टीतून चुन्यास अग्नीचे काही तत्त्व प्राप्त होते आणि त्यामुळेच तो दाहक होतो, असा विद्वानांचा समज होता. चुन्याची निवळी उघडी ठेवली असता तिच्यावर पांढरी साय धरते, यावरून हा वायू साध्या हवेतही अल्प प्रमाणात असला पाहिजे, हे त्याने ओळखले. तोच वायू उच्छ्वासात आणि जळत्या कोळशाच्या धुरातही आहे, हे निवळी गढूळ होण्यावरून पुढे त्याने दाखविले. हवा हे एकच मूलतत्त्व नव्हे, ही जाणीव येथून दृढ झाली. १७७२ साली ब्लॅकचाच शिष्य डॅनियल रदरफोर्ड याने नायट्रोजन वेगळा ओळखला. १७७४ साली प्रीस्टलेने प्राणवायू मिळविला. आणि लाव्हॉझिएने चुनखडीतील वायू हा कार्बन व प्राणवायू यांचा संयोग असल्याचे दाखवून दिले. यालाच आज आपण कार्बन डायऑक्साइड म्हणतो.

विद्यमान वातावरणशास्त्रात औद्योगिक युगापूर्वीच्या हवेचा आधार म्हणून १७५० हे वर्ष धरण्याचा प्रघात आहे. तेव्हा हवेच्या दर दहा लक्ष भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. नसरापूरहून फार दूर नसलेल्या सिंहगडावरही पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने हवेचे नमुने घेऊन या वायूचे मोजमाप केले आहे. या वाढीचे मुख्य कारण दगडी कोळसा व खनिज तेल यांचे ज्वलन होय. परंतु १८२४ साली जोसेफ ॲस्पडिनने ज्याचे पेटंट घेतले, त्या पोर्टलंड सिमेंटचाही त्यात हिस्सा आहे. सिमेंटच्या भट्टीतही चुनखडीच भाजली जाते, तीही सुमारे १४५० अंशांवर, आणि मानवकृत कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे ७ ते ८ टक्के या उद्योगातून निघतो. सिमेंटची बांधकामेही कालांतराने त्यातील काही भाग परत शोषतात; मात्र भट्टीत जाळलेल्या कोळशाचा वायू त्यामुळे परत येत नाही.

भट्टीत चुनखडीतून निघालेला वायू भिंतीत जवळजवळ पूर्णपणे परत घेणारा चुना आपल्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या वापरात होता, आणि ज्या लोणाऱ्यांनी व गवंड्यांनी तो व्यवहार हाताने सांभाळला, त्यांना त्या वायूचे नाव ठाऊक असण्याची गरज पडली नाही. जुन्या देवळांच्या व गडकोटांच्या डागडुजीत सिमेंट थापले, म्हणजे भिंतीतील ओल आत कोंडते आणि मूळ बांधकाम खिळखिळे होते, हे जाणकार वारंवार सांगतात. म्हणून अशा प्रत्येक जीर्णोद्धाराच्या वेळी चुन्याची भट्टी पुन्हा पेटवावी, घाणा पुन्हा फिरवावा आणि ते काम जाणणाऱ्या हातांस मानाने बोलवावे, हेच या विद्येशी इमान राखण्याचे योग्य मार्ग आहेत.