वरकस, राब आणि सातबाऱ्यावरचं ‘खाजगी वन’

टेंभी नाक्यावरून कोर्ट नाक्याकडे जाताना पिशवीत सातबारे घेतलेली माणसं दिसतात. शहापूर-मुरबाडकडची. कलेक्टर कचेरीत तारीख असते. काहींच्या उताऱ्यावर इतर हक्कात दोन शब्द असतात: ‘खाजगी वन’. एवढ्यावर विक्री अडते, कर्ज अडतं. हा शब्द आला कुठून, ते आज लिहितो.

आपल्याकडं खाचराला जोडून माळ, डोंगरउतार असतोच. जुन्या बंदोबस्तात त्याला वरकस म्हणत. नाचणी, वरी, गवत तिथलं, आणि राबाला लागणारा पाला-टहाळही तिथलाच. शेण, पाला, गवत, वर माती असे थर लावून उन्हाळ्यात भाजायचे आणि त्या जागी भात पेरायचा. राब नाही तर लावणीला रोप नाही. म्हणून वरकसला पडीक म्हणणारा माणूस भातशेती न केलेलाच असणार.

१८७८ च्या वन कायद्यानंतर जंगलातल्या टहाळावर बंधनं आली. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत एवढी ओरड झाली की १८८५ साली सरकारला मुंबई वन आयोग नेमावा लागला. राब हा त्याच्यापुढचा मोठा प्रश्न होता. लोकांची ओरड सरकारी कागदात उतरली, हेही त्या काळात थोडं नव्हतं.

पुढं १९२७ चा भारतीय वन कायदा. त्याच्या कलम ३५ प्रमाणे जमीन मालकाचीच, पण तिथली नांगरट, चराई, जाळणं यावर सरकार बंदी घालू शकतं. मात्र आधी मालकाला नोटीस द्यायची, त्याचं म्हणणं ऐकायचं. ही ३५(३) ची नोटीस. नंबर लक्षात ठेवा, सगळं भांडण इथंच आहे.

३० ऑगस्ट १९७५ ला महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम लागू झाला. ज्या वनाबद्दल अशी नोटीस ‘काढलेली’ आहे तेही खाजगी वन, आणि ते त्या दिवसापासून सरकारात ‘निहित’. निहित म्हणजे काय? खरेदीखत नाही, तुमची सही नाही, नुसत्या कायद्यानं मालकी फिरली. सीलिंगच्या आतली, कायदेशीर लागवडीखालची जमीन वगळली होती. पण वरकस काही दरवर्षी नांगरत नाहीत. मग ती लागवडीखालची धरायची की नाही? कायदा लिहिणाऱ्याला राब ठाऊक नसावा, असं मला वाटतं. १९७८ ची दुरुस्ती आली, १२ हेक्टरपेक्षा कमी जमीन उरलेल्याला परत मिळायची सोय झाली, पण अर्जाला मुदत सहा महिने. गावात ही बातमी पोचायलाच तेवढे लागायचे!

कित्येक ठिकाणी सातबारा तसाच राहिला, लोक कसत राहिले. जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाचे आदेश झाल्यावर २००५-०६ च्या सुमारास नोंदी सुरू झाल्या, तेव्हा तीस वर्षांनी माणसाला कळलं.

विक्रोळीच्या जमिनीसाठी गोदरेज कंपनी भांडली. २००८ ला उच्च न्यायालयात हरली. ३० जानेवारी २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल फिरवला: नोटीस नुसती राजपत्रात छापून चालत नाही, ती मालकाला बजावलेली पाहिजे, आणि वीसेक वर्षं झोपलेली नोटीस १९७५ ला जिवंत धरता येत नाही. ‘काढली’ म्हणजे ‘बजावली’, एवढ्या अर्थावर कंपनीची जमीन सुटली. जंगल राहिलंच पाहिजे, येऊरचा डोंगर गेला तर ठाण्यात उरेल काय? पण कंपनीला वकील परवडतो, मुरबाडच्या माणसाला तारखेचं एसटीभाडंही जड जातं.

ज्यांच्या उताऱ्यावर नोंद आहे त्यांनी आधी फेरफार काढा. मग माहिती अधिकारात दोनच गोष्टी मागा: ३५(३) ची नोटीस कुणाला, कधी बजावली त्याची पोच, आणि पुढं चौकशी झाली का त्याचे कागद. पोच निघाली तर गोदरेजच्या निकालातला बजावणीचा मुद्दा तुमच्या उपयोगाचा नाही. मग १९७५ ला ती जमीन लागवडीखाली होती याचा पुरावा शोधा, जुन्या पीकपाहणीच्या नकला तहसीलमधून काढून ठेवा.