उष्णोदकाची मालकी कोणाची? जपानी सराईतील खासगी कुंडाचा इतिहास

१/ जपानमधील पारंपरिक सराईला ‘र्‍योकान’ म्हणतात. तातामीच्या चटया, कागदी सरकती दारे, खोलीतच वाढले जाणारे रात्रीचे जेवण आणि खोलीलगत केवळ आपल्यासाठी राखलेले गरम झऱ्याचे कुंड, असे तिचे चित्र आज जगभरच्या पर्यटकांच्या मनात ठसले आहे. यांतील बहुतेक गोष्टी खरोखर जुन्या आहेत. खासगी कुंड मात्र सामान्य प्रवाशाच्या वाट्याला फार उशिरा आले. किनोसाकी नावाच्या गावात तर सराईच्या आत कुंड असावे की नसावे, यावर २३ वर्षे वाद चालला. त्या वादाची आणि त्यामागील बाराशे वर्षांची ही हकीकत. #थ्रेड

२/ आधी तीन शब्द. ‘ओन्सेन’ म्हणजे उष्ण पाण्याचा झरा. कोकणात ज्याला आपण ‘उन्हाळे’ म्हणतो तेच. ‘सोतोयु’ म्हणजे बाहेरचे, गावाच्या सामाईक स्नानगृहातील पाणी. ‘उचियु’ म्हणजे आतले, सराईच्या चार भिंतींतील पाणी. पुढचा सारा इतिहास या ‘बाहेर’ आणि ‘आत’ यांच्यातील ओढाताणीचा आहे.

३/ इ.स. ७३३ मध्ये सिद्ध झालेल्या ‘इझुमो फुदोकी’ या प्रांतवर्णनात तामात्सुकुरी येथील झऱ्याचा उल्लेख येतो. स्त्रिया, पुरुष, म्हातारे, तरुण सारे तेथे जमत, बाजार भरे, खाणेपिणे चाले. उष्ण झरा त्या काळी पाणवठ्यासारखाच होता: सर्वांचा, आणि म्हणून कोणा एकाचा नव्हे. पाण्याशेजारी सराया उभ्या राहिल्या, त्याही फार जुन्या. यामानाशी प्रांतातील केइउन्कान ही सराई आपली स्थापना ७०५ मधील सांगते.

४/ किनोसाकी हे जपानच्या पश्चिम भागातील, समुद्राजवळचे गाव. परंपरा सांगते की दोची शोनिन या बौद्ध साधूने रोग्यांसाठी हजार दिवस अनुष्ठान केले आणि ७२० मध्ये येथे उष्ण झरा प्रकटला. त्या जागेवरील स्नानगृहाचे नाव ‘मंदारा-यु’. हा ‘मंदारा’ म्हणजे आपला संस्कृत ‘मंडल’ शब्द. बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे तो जपानला पोहोचला. दुसऱ्या आख्यायिकेत एक जखमी करकोचा पाण्यात पाय बुडवून बरा होतो. दोन्ही कथांत झरा आर्तांसाठी आहे. मालकाचा उल्लेख एकीतही नाही.

५/ इदो काळात (१६०३ ते १८६८) लोक झऱ्यांवर जात ते औषधोपचारासाठी. या उपचाराला ‘तोजी’ म्हणत. सात दिवसांचे एक आवर्तन, अशी तीन आवर्तने, म्हणजे एकवीस दिवसांचा मुक्काम ही रूढ मात्रा होती. अनेक यात्रेकरू भाड्याची खोली घेत, स्वतःच भात रांधत आणि दिवसातून अनेकदा बाहेरच्या स्नानगृहात जाऊन बुडी मारत. सराई निवारा देई. पाणी गाव देई.

६/ अठराव्या शतकातील वैद्य कागावा शुआन याने किनोसाकीतील एका कुंडाला सर्वश्रेष्ठ ठरवले. ते कुंड आजही ‘इचि-नो-यु’, म्हणजे ‘पहिले पाणी’, या नावाने ओळखले जाते. पुढे सुमो मल्लांच्या श्रेणीपत्रकाच्या धर्तीवर झऱ्यांचीही श्रेणीपत्रके छापली जाऊ लागली. त्यांत पूर्वेकडे कुसात्सु आणि पश्चिमेकडे आरिमा यांना ‘ओझेकी’ हे सर्वोच्च पद असे. पश्चिमेत आरिमाच्या खालोखाल किनोसाकी.

७/ मग एकांतात स्नान कोणीच करत नव्हते काय? करत होते, पण ते सत्ताधारी. सरदार आले की सामाईक कुंडाभोवती पडदे लावून ते तेवढ्यापुरते राखून ठेवण्याची चाल होती. तिला ‘माकु-यु’, म्हणजे ‘पडद्यातले पाणी’, म्हणत. शोगुनाची तर गोष्टच निराळी. आतामी येथील उष्णोदक पिंपांत भरून थेट इदोच्या गढीत नेले जाई. चौथा शोगुन इएत्सुना याच्या काळात ही प्रथा सुरू झाली. गावाने झऱ्याकडे जावे आणि झऱ्याने शोगुनाकडे यावे, हा तेव्हाचा रिवाज.

८/ एका रात्रीचा मुक्काम ही आजच्या र्‍योकानची ओळख. तीही भांडणातूनच जन्मली. तोकाइदो महामार्गावर प्रवाशांना उतरवून घेण्याचा हक्क अधिकृत टप्प्यांच्या गावांना होता. त्या बदल्यात सरकारी कामासाठी घोडे आणि हमाल पुरवण्याचा बोजा ते वाहत. हाकोने-युमोतोच्या सराया एका रात्रीसाठी यात्रेकरू ठेवू लागल्या, तेव्हा ओदावाराच्या टप्प्याने तक्रार केली. १८०५ मध्ये निकाल युमोतोच्या बाजूने लागला. ‘एका रात्रीची तोजी’ वैध ठरली आणि उपचाराच्या जागी सहल येण्याची वाट मोकळी झाली.

९/ आता पुन्हा किनोसाकी. १९०९ मध्ये तेथे रेल्वे पोहोचली. १९१३ मध्ये तोक्योत रेल्वेगाडीची धडक बसून जखमी झालेला शिगा नाओया हा तरुण लेखक प्रकृती सुधारण्यासाठी येथे आला आणि ‘मिकिया’ या सराईत सुमारे तीन आठवडे राहिला. या मुक्कामावर आधारलेली त्याची ‘किनोसाकी नि ते’ ही कथा १९१७ मध्ये प्रसिद्ध झाली. आज ती आधुनिक जपानी साहित्यातील मानदंड मानली जाते. एवढ्या नामांकित सराईतही तेव्हा उष्णोदकाचे कुंड नव्हते. किनोसाकीतल्या कोणत्याच सराईत नव्हते. पाहुणे युकाता पांघरून, लाकडी खडावा वाजवत रस्त्याने सार्वजनिक स्नानगृहात जात.

१०/ २३ मे १९२५ रोजी दुपारच्या जेवणाच्या सुमारास उत्तर ताजिमा भूकंप झाला. घराघरांत चुली पेटलेल्या होत्या. लाकडी घरे कोसळली आणि पाठोपाठ आग लागली. या आपत्तीत चारशेहून अधिक माणसे दगावली. त्यांतील बहुसंख्य एकट्या किनोसाकीतली. गाव जवळजवळ संपूर्ण जळाले. जमिनीखालचे उष्ण पाणी मात्र वाहतच राहिले.

११/ पुनर्बांधणीसाठी गावकऱ्यांनी आपापल्या जमिनीचा काही भाग सोडला, तेव्हा रस्ते आणि ओतानी नदीचे पात्र रुंद करता आले. सामाईक स्नानगृहे पुन्हा उभी राहिली. ही भूमिका समजून घेतली पाहिजे. पाहुणा स्नानासाठी बाहेर पडतो, म्हणून वाटेवरच्या चहावाल्याचा, खेळण्यांच्या दुकानाचा, गवताच्या वस्तू विणणाऱ्याचा धंदा चालतो. स्थानक हे प्रवेशद्वार, रस्ता ही ओसरी, सराया या खोल्या आणि सोतोयु हे न्हाणीघर, असे या गावात म्हटले जाते. सारे गाव मिळून एक र्‍योकान.

१२/ याच पुनर्बांधणीच्या काळात, १९२७ मध्ये, मिकिया सराईने आपल्या आवारातील उष्णोदकावर स्वतःचे अंतर्गत कुंड बांधले. गावात खळबळ उडाली. मिकियाची बाजू सरळ होती: जमीन माझी, तिच्याखाली लागलेले पाणी माझे, आणि बदलत्या काळातील पाहुण्यांना सोय हवी आहे. गावाची बाजूही तितकीच सरळ होती: हे पाणी पिढ्यान्‌पिढ्या साऱ्या गावाने सांभाळले आहे. आज एकाने आत घेतले तर उद्या प्रत्येक श्रीमंत सराई घेईल, लहान सराया बुडतील आणि रस्ते ओस पडतील.

१३/ यात खलनायक कोणी नव्हता. निसर्गच असा होता की दोन्ही दावे एकत्र खरे ठरू शकत नव्हते. जमिनीत मुरलेले पाणी खोलवर तापते आणि खडकांतील भेगांतून वर येते. त्याला वरच्या कुंपणांची ओळख नसते. एकाने खोल भोक पाडून उपसा वाढवला की शेजारच्या झऱ्याचा दाब घटतो, कधी पाणी थंडावते, कधी आटते. म्हणून ‘माझ्या अंगणातले पाणी’ हा शब्दप्रयोगच इथे वादग्रस्त होता.

१४/ कायदा काय सांगत होता? जपानच्या नव्या दिवाणी संहितेच्या कलम २०७ प्रमाणे जमिनीची मालकी पृष्ठभागाच्या वर आणि खालीही पोहोचते. उष्णोदकाचा वेगळा विचार त्या संहितेत नव्हता. कागदावर मिकियाचे पारडे जड; रूढीत गावाचे. प्रकरण न्यायालयात गेले. त्याच सुमारास जपानच्या सर्वोच्च न्यायपीठासमोर उष्णोदकाचे आणखी दोन तंटे येऊन पोहोचत होते.

१५/ पहिला १९३५ मधील उनाझुकीचा. तेथे सुमारे साडेसात किलोमीटर लांबीच्या नळातून उष्णोदक आणले जाई. हा नळ कोणा एकाच्या फक्त २ त्सुबो, म्हणजे साधारण सत्तर चौरस फूट, जमिनीवरून जात होता. एका इसमाने ती पडीक जमीन हेतुपुरस्सर विकत घेतली आणि ‘नळ उखडा, नाहीतर अवाच्या सवा भावाने माझी जमीन घ्या’ अशी मागणी केली. न्यायपीठाने ती फेटाळली: हक्क कागदोपत्री असला तरी केवळ दुसऱ्याला वेठीस धरण्यासाठी तो वापरता येणार नाही. ‘हक्काचा गैरवापर’ या विषयावरचा हा निकाल जपानमधील कायद्याचा प्रत्येक विद्यार्थी आजही शिकतो.

१६/ दुसरा १९४० मधील, नागानो प्रांतातील आसामा ओन्सेनचा. ‘ताका-नो-यु’ नावाच्या झऱ्याच्या या खटल्यात न्यायपीठाने मान्य केले की त्या भागातील रूढीनुसार उष्णोदकाचा हक्क हा जमिनीच्या मालकीहून वेगळा, स्वतंत्र हक्क असू शकतो. म्हणजे जमीन एकाची आणि तिच्यातून येणारे ऊन पाणी दुसऱ्याचे, ही गोष्ट कायद्याने शक्य ठरली. रूढीला संहितेशेजारी बसायला आसन मिळाले.

१७/ किनोसाकीचा वाद मात्र चालूच राहिला. युद्ध आले, पराभव आला, नवी राज्यघटना आली. १९४८ मध्ये ओन्सेन कायदा झाला: झऱ्यापाशी २५ अंश सेल्सिअस तापमान, किंवा नेमून दिलेल्या १९ घटकांपैकी एखादा पुरेशा प्रमाणात असेल तर ते पाणी ‘ओन्सेन’, आणि नवे भोक पाडायचे तर प्रांताच्या गव्हर्नरची परवानगी हवी. अखेर १९५० मध्ये, २३ वर्षांनी, किनोसाकीत समेट झाला.

१८/ समेटाचे सूत्र असे: उष्णोदकाचा कारभार गावाच्या सामाईक मंडळाने पाहावा, सरायांना आत कुंडे बांधू द्यावीत, पण मर्यादेत, आणि सोतोयुचे अग्रस्थान कायम राहावे. हे मंडळ म्हणजे ‘झाइसान्कु’. मेइजी काळापासून लहान गावे मोठ्या नगरांत विलीन होऊ लागली, तेव्हा जुन्या गावाची सामाईक मालमत्ता जपण्यासाठी अशी मंडळे ठेवली गेली. २००५ मध्ये किनोसाकी नगर तोयोओका शहरात विलीन झाले. पण झऱ्यांचा कारभार आजही युशिमा या जुन्या गावाच्या मंडळाकडेच आहे.

१९/ पुढे १९७० च्या दशकात झऱ्यांचे पाणी एकत्र करून नळांनी गावभर वाटण्याची व्यवस्था झाली. त्यामुळे एखाद्या सराईच्या खासगी कुंडात जे पाणी येते, तेच सार्वजनिक स्नानगृहांतही जाते. कुंड खासगी, पाणी सामाईक. सराईतली कुंडे लहान ठेवलेली दिसतात, त्यामागे १९५० चा तोच समेट आहे. आणि सराईत उतरणाऱ्या पाहुण्याला बाहेरच्या स्नानगृहांचा परवाना आजही दिला जातो.

२०/ इतरत्र गोष्टी वेगळ्या घडल्या. आर्थिक भरभराटीच्या काळात आतामीसारख्या ठिकाणी सहलींच्या जथ्यांसाठी प्रचंड हॉटेले उभी राहिली. पाहुण्याने बाहेर पडूच नये अशी त्यांची रचना होती, आणि गावांचे रस्ते सुने पडले. पुढे जथे ओसरले. कुटुंबे आणि जोडपी येऊ लागली, तशी खोलीलगतच्या खासगी कुंडांची मागणी वाढली. संकोची पाहुणे, लहान मुलांचे आईबाप, अंगावर गोंदण असल्यामुळे सार्वजनिक कुंडात मज्जाव होणारे लोक, या सर्वांना त्यांचा आधार वाटतो. क्युशूमधील कुरोकावाने मात्र १९८६ मध्ये लाकडी परवाना काढून पाहुण्यांना परस्परांच्या सरायांची कुंडे खुली केली. किनोसाकीने भांडून जे मिळवले, ते कुरोकावाने ठरवून स्वीकारले.

२१/ मिकियाची १९२७ मधील लाकडी वास्तू आजही उभी आहे आणि सराई चालू आहे. ज्या गावाशी तिचा वाद झाला, त्याच गावाची ती आज शान आहे. इतिहासात असे शेवट विरळा: एक बाजू हरली नाही, दुसरी नामशेष झाली नाही. एकांताची इच्छा खोटी नव्हती आणि सामाईक पाण्याची भीतीही खोटी नव्हती. दोहोंना जागा देणारा मध्यममार्ग शोधायला २३ वर्षे लागली. पाण्यावरून भांडणाऱ्या कोणत्याही गावाने ध्यानात ठेवावी अशी ही गोष्ट आहे: कुंडाला भिंत घालता येते, झऱ्याला नाही.

(समाप्त)