फितीवरील दप्तर

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, शिलालेख आणि दरबारी कागद डोळ्यांसमोर येतात. परंतु मराठ्यांच्या इतिहासाची कितीतरी साधने सापडली ती खाजगी घरांतील जुन्या दप्तरांत. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी गावोगाव हिंडून असे कागद मिळविले आणि १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. ते कागद बहुतांशी मोडी लिपीतले. पुढे शाळांतून मोडी गेली आणि दप्तर घरात असूनही ते वाचणारा घरात उरला नाही. कागद शाबूत, पण मुका!

हीच अवस्था आज एका निराळ्या दप्तराची झाली आहे. ते दप्तर म्हणजे घरोघरच्या व्हिडिओ फिती.

रायपूर आणि भिलाई यांच्या दरम्यान, खारून नदीच्या पश्चिमेस कुम्हारी हे गाव आहे. या मुलखाशी मराठ्यांचा संबंध जुना. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांची सत्ता येथे आली आणि बिंबाजी भोसले रतनपुराहून छत्तीसगडचा कारभार पाहत असत. पुढे ४ फेब्रुवारी १९५९ रोजी भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि देशाच्या नाना भागांतून माणसे या परिसरात आली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. दूरचित्रवाणीही येथे लवकर पोहोचली. १९७५-७६ च्या उपग्रह प्रयोगात रायपूरच्या आसपासची खेडी समाविष्ट होती. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास रंगीत चित्रे आली, आणि मागोमाग व्हिडिओ यंत्रही घराघरांत शिरले. लग्नमुंजी, गणेशोत्सवातली नाटके, आजीच्या तोंडच्या ओव्या हे सारे फितीवर उतरू लागले. मुलखापासून दूर राहणाऱ्या माणसांची बोली, पेहराव आणि पंगती यांची अशी नोंद कोणत्याही सरकारी दप्तरात मिळावयाची नाही.

ही फीत आहे तरी कशी? अर्धा इंच रुंदीच्या पॉलिएस्टरच्या पट्टीवर लोहयुक्त चुंबकीय कणांचा लेप, एवढेच तिचे स्वरूप. आपल्याकडील पद्धतीच्या व्हीएचएस यंत्रात तिच्यासमोर एक दंडगोल सेकंदाला पंचवीस वेळा फिरतो आणि त्यावरील सूक्ष्म शीर्षे ती चुंबकीय लिपी वाचतात. म्हणजे येथे वाचक माणूस नव्हे, यंत्र आहे. व्हीएचएस १९७६ साली जपानात निघाले. आणि अशी यंत्रे बनविणारा अखेरचा ज्ञात कारखाना, जपानचाच फुनाई, २०१६ साली थांबला. इकडे पावसाळ्याच्या दमट हवेने लेप चिकट होतो, त्यावर बुरशी चढते. वाचक संपत आला आहे आणि पोथीही झिजते आहे. युनेस्कोच्या वतीने २०१९ साली दिलेला इशारा हाच होता.

उपाय आपल्या परंपरेला अपरिचित नाही. पोथी जीर्ण झाली की पूर्वज तिची नक्कल करीत. फितीची नक्कल घरच्या घरी करता येते. चालू स्थितीतले व्हिडिओ यंत्र एका छोट्या उपकरणाद्वारे संगणकाला जोडावयाचे, आणि चित्र व ध्वनी यांचे अंकांत रूपांतर करून ते डीव्हीडी तबकडीवर उतरावयाचे. घाई येथे चालत नाही; तीन तासांच्या फितीला तीन तासच लागतात, आणि चांगल्या प्रतीचे चित्र हवे असेल तर नेहमीच्या तबकडीवर सुमारे दोनच तास मावतात. बुरशी दिसत असेल तर फीत यंत्रात घालूच नये, कारण ती शीर्षांना लागून पुढील फितीही बिघडवते; असे काम जाणत्याकडे सोपवावे. चांगली फीत आधी एकदा शेवटपर्यंत गुंडाळून परत आणावी, आणि तिच्या कडेची लहान पट्टी मोडून टाकावी, म्हणजे चुकूनही तिच्यावर दुसरे काही नोंदले जाणार नाही.

मात्र तबकडी अमर आहे असे समजू नये. घरी नोंदलेल्या तबकडीतील रंगद्रव्य उन्हाने व काळाने फिके पडते, आणि नव्या संगणकांतून तबकडीची खाचही नाहीशी होत आहे. म्हणून एक प्रत तबकडीवर, दुसरी संगणकाच्या भांडारात, तिसरी दुसऱ्या गावच्या आप्तांकडे असावी. आणि मूळ फीत फेकू नये. दर काही वर्षांनी नक्कल पुन्हा करावी लागणार, हे गृहीत धरावे.

याहून महत्त्वाचे काम यंत्राचे नाहीच. चित्रातली माणसे कोण, प्रसंग कुठला, साल कोणते, हे सांगणारी वडीलधारी मंडळी आहेत तोवर त्यांना फीत दाखवून नावे टिपून घ्यावीत. मिती नसलेल्या पत्राने इतिहाससंशोधक जेवढा कष्टी होतो, तेवढेच कष्ट निनावी चेहरे उद्याच्या पिढीला देतील. राजवाड्यांना गावोगाव हिंडावे लागले. आपल्याला आपल्याच कपाटापर्यंत जावयाचे आहे.