साडेचारशे मिलिसेकंद

अण्णांनी 1972च्या दुष्काळात पावसाची वही लिहायला घेतली. कंधार तालुक्यात मास्तरकी करता करता मृग, आर्द्रा, पुनर्वसू अशी नक्षत्रवार नोंद त्यांनी कधी चुकवली नाही. आता ते विष्णुपुरीत माझ्याकडे असतात. त्यांच्या वह्या मी इमॅक्स या एडिटरमध्ये उतरवून दिल्या. वर अनुक्रमणिका ठेवली, नक्षत्राच्या नावावर क्लिक केलं की ते पान उघडावं म्हणून.

पान उघडेना. "दाबलं की रे मी, कामून उघडत नाही?" अण्णा म्हणाले. मी शेजारी बसून त्यांचं बोट पाहिलं. बटण सावकाश दाबलं जायचं, त्याहून सावकाश सुटायचं, आणि मधल्या वेळात थरथरीनं माऊस केसभर सरकायचा.

क्लिक म्हणजे नेमकं किती, हे कुणी ठरवलं? मी इथल्याच श्री गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलो, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

डग्लस एंगलबार्ट यांनी 9 डिसेंबर 1968 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत माऊस जगाला दाखवला, तेव्हा त्याला तीन बटणं होती. अ‍ॅपलच्या मॅकिंटॉशनं 1984 साली एकच ठेवलं. त्याच वर्षी एमआयटीत सुरू झालेल्या एक्स विंडो प्रणालीत मात्र तिन्ही बटणं रुळली: डाव्यानं मजकूर निवडायचा, मधल्यानं डकवायचा. इमॅक्स याहून जुना. रिचर्ड स्टॉलमन यांनी एमआयटीच्याच प्रयोगशाळेत 1976 साली त्याची सुरुवात केली, तीही निव्वळ कीबोर्डसाठी. 1993च्या एकोणिसाव्या आवृत्तीत माऊसला कळीचा दर्जा मिळाला. बटण खाली जाणं, सुटणं, दाबून ओढणं, दोनदा दाबणं, या प्रत्येकाला स्वतंत्र नाव आलं आणि त्या नावाला हवं ते काम जोडता येऊ लागलं. माझ्या मते या एडिटरचा सगळ्यात मोठा गुण हाच आहे: बोटाच्या प्रत्येक हालचालीचा अर्थ वापरणाऱ्याच्या हाती.

इमॅक्समध्ये दुवा उघडायचा तो मधल्या बटणानं. डाव्यानं कर्सर फक्त तिथं जाऊन बसायचा, म्हणजे दुव्याची अक्षरं दुरुस्त करता यायची. पण ब्राउझरवर वाढलेल्या लोकांचं बोट डाव्या बटणावरच जाणार. 2007च्या बाविसाव्या आवृत्तीनं यावर तडजोड काढली. डावं बटण दाबून 450 मिलिसेकंदांच्या आत सोडलं तर दुवा उघडेल, जास्त वेळ धरलं तर पूर्वीसारखा कर्सर बसेल. जुन्यांची सवय मोडली नाही, नव्यांचीही सोय झाली. इतकी समजूतदार तडजोड मी सॉफ्टवेअरमध्ये क्वचित पाहिली आहे.

फक्त तो आकडा धडधाकट बोटाचा आहे. अण्णांचं बोट अर्ध्या सेकंदात सुटत नाही. इमॅक्स समजायचा, यांना कर्सरच ठेवायचा आहे.

दुसरी अडचण थरथरीची. 'डबल-क्लिक-फझ' नावाची एक किंमत असते, मुळात 3. दाबताना माऊस तीन पिक्सेलांपेक्षा जास्त हलला की ते क्लिक राहत नाही, ओढणं ठरतं. अण्णांच्या पडद्यावर मधूनच अर्धा शब्द रंगायचा तो यामुळे. दोन क्लिकांमधलं अंतरही 500 मिलिसेकंदांहून वाढलं की त्या जोडीचे दोन सुटे क्लिक होतात.

मांडणीच्या फाइलमध्ये मी तीन ओळी लिहिल्या. 450चे 1500 केले, 3चे 12 आणि 500चे 1200. उजव्या बटणाला पुसण्याचंही काम असतं: एकदा दाबलं की निवड तिथवर वाढते, तिथंच पुन्हा दाबलं की निवडलेलं उडतं. थरथरत्या हाताखाली पन्नास वर्षांचा पाऊस असताना ते नको. तिथं मी 2022च्या अठ्ठाविसाव्या आवृत्तीत आलेला मेन्यू जोडला.

"अण्णा, दाबा आता. घाई नको."

त्यांनी 'मृग 1972'वर बाण नेला. बटण दाबलं, धरलं, सोडलं. पान उघडलं. त्यावर एकच शब्द होता: कोरडं. अण्णांनी चष्मा नीट केला, मागं आले आणि बाण आर्द्रेवर नेला.