वेलपत्तीपासून चांदीच्या भांड्यापर्यंत

लग्नघरी गुलाबदाणीतून गुलाबपाणी शिंपडले जाते, पण तिच्यावरील नक्षीकडे सहसा कोणी निरखून पाहत नाही. वाचकहो, त्या नक्षीला मोठा इतिहास आहे.

झाडाझुडपांवरून नक्षी घेण्याची परंपरा आपल्याकडे जुनीच. १६२० साली बादशहा जहांगीर काश्मिरात गेला असता उस्ताद मन्सूर यांनी तेथील शंभराहून अधिक फुले चितारली, अशी नोंद बादशहाच्या आत्मचरित्रात आहे. बिदरच्या कारागिरांनी जस्त-तांब्याच्या काळ्या भांड्यांवर चांदीची फुलझाडे जडविली.

मुंबईत या विद्येला शाळेचे रूप आले ते १८५७ साली. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून कलाशाळा सुरू झाली. १८६५ साली तेथे लॉकवुड किपलिंग शिकवावयास आले. पुढे जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांनी व्हिक्टोरिया टर्मिनसची, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची, पाने-फुले, पशुपक्षी कोरलेली सजावट केली. अंजुमन-इ-इस्लामच्या शाळेसमोरच हे स्थानक उभे आहे. १८९१ साली कलाशाळेला लॉर्ड रे यांच्या नावाची कार्यशाळा जोडली गेली आणि धातुकामासारख्या हस्तव्यवसायांचे शिक्षण तेथे मिळू लागले. भायखळ्यास तर राणीची बाग आणि १८७२ साली खुले झालेले, आज डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव असलेले संग्रहालय शेजारी-शेजारी आहेत. एकीकडे जिवंत झाडे, दुसरीकडे कारागिरांची भांडी!

कागदावरील पान चांदीवर जसेच्या तसे उतरत नाही. प्रथम पानाचे बारकाईने रेखाटन करावयाचे. मग शिरा, वळणे यांतील मोजक्याच रेषा ठेवून ती भांड्याच्या गोलाईत बसवावयाची. देठाची मूठ होते, कळीचे झाकणावरचे बोंड होते. नंतर चांदीचा पत्रा राळेवर बसवून मागून ठोकून उठाव आणतात व पुढून रेषा स्पष्ट करतात. ठोकता ठोकता चांदी कडक होते, म्हणून ती पुनःपुन्हा तापवून मऊ करावी लागते. साच्याच्या यंत्राने एकसारखी हजार भांडी निघतील. परंतु पहिला साचा करावयासही रेखाटणारा हात लागतोच.

आता मुद्द्याची गोष्ट. परीक्षा जवळ आली की शाळेत पहिला बळी जातो तो चित्रकलेच्या तासाचा. प्राणिमात्रांची चित्रे काढण्याविषयी काही पालकांच्या मनात संकोच असतो, त्याचा आदर करावा. पण फुलापानांच्या चित्रणाला आपल्या परंपरेने सदैव मानाचे स्थान दिले आहे. आपल्या मुलांपैकी कित्येकांच्या घरी हातकामाचा वारसा आहे. पुस्तकी विद्येबरोबर त्यांच्या हाती पेन्सिल द्या, त्यांना राणीच्या बागेत न्या आणि एक पान नीट पाहावयास शिकवा. वारशाने आलेला हात आणि शिक्षणाने आलेली नजर एकत्र आली, तर कारागीर केवळ मजूर राहणार नाही; तो स्वतःच्या नक्षीचा धनी होईल.