हलव्याचा काटा

गेल्या दिवाळीत माझ्या पुतणीने घरी चॉकलेटं केली. जोगेश्वरीच्या आमच्या छोट्या स्वयंपाकघरात ओटाभर साचे मांडले होते. पातेल्यात पाणी तापत होतं आणि त्यावरच्या भांड्यात चॉकलेट वितळत होतं. मी डोकावलो तशी ती ओरडली, "चाचा, ओला हात लांब ठेवा! पाण्याचा थेंब पडला तर सगळं रवाळ होईल." मला एकदम अम्मी आठवली. हलवा करताना तीही असंच ओरडायची.

हा हलवा म्हणजे आमच्याकडे शब-ए-बरातला होतो तो नव्हे, संक्रांतीचा, काटेरी. तुम्ही म्हणाल, मुसलमानाच्या घरात संक्रांतीचा हलवा कसा? ते सांगतोच, पण आधी थोडं साखरेविषयी.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात उसापासून होणाऱ्या पदार्थांची यादी आहे. फाणित, गूळ, मत्स्यण्डिका, खंड आणि शर्करा. शर्करेची आपण साखर केली. 'खंड' मात्र प्रवासाला निघाला. इराणात तो 'कंद' झाला. आपल्या गुलकंदातला कंद तोच. तो जमिनीखालचा कंद नव्हे. अरबांनी त्याला 'कंदी' केलं, फ्रेंचांकडून तो इंग्रजांकडे गेला आणि 'कँडी' होऊन मुंबईच्या दुकानांतल्या बरण्यांत परत आला. आपलंच पोर, परदेशी कपड्यांत!

उलटा प्रवासही झाला. 'हलवा' हा शब्द अरबी आहे. त्या भाषेत 'हुल्व' म्हणजे गोड. आणि आपण तो कशाला दिला, तर नव्या सुनेच्या संक्रांतसणाला आणि बाळाच्या बोरन्हाणाला. काळ्या साडीवर हलव्याचे दागिने घालून बसलेल्या मुलीइतकं मराठी दृश्य दुसरं कोणतं असेल? त्या दागिन्यांचं नाव अरबस्तानातून आलंय, हे तिच्या गावीही नसतं. नसू दे. शब्द मुरला की तो आपलाच.

पुढे गोळ्यांचे कारखाने आले. आमच्यापासून दोनच स्टेशनांवर, विलेपार्ल्यात, 1929 साली पार्लेचा कारखाना निघाला तो गोळ्यांसाठी, बिस्किटं नंतरची. लोकलमध्ये डोळे मिटून बसलेल्या माणसालाही वासावरून पार्ले आलं हे कळायचं. तिथलं उत्पादन 2016 मध्ये थांबलं. वालचंद हिराचंद यांनी मालेगाव तालुक्यात रावळगावला 1933 साली साखर कारखाना काढला आणि 1942 पासून तिथे गोळ्याही होऊ लागल्या. ते ब्रँड 2024 मध्ये रिलायन्सकडे गेले. कारखाने बंद पडतात, विकले जातात. घरातलं काम मात्र एका बाईकडून दुसरीकडे जातं, आणि त्याची नोंद कुठे होत नाही.

अम्मीला हलवा शिवला तो आमच्या चाळीतल्या शेजारच्या काकूंनी. शेगडीत मंद निखारे, वर काकूंची पितळी परात, परातीत तीळ. त्यावर चमचाभर एकतारी पाक सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी तीळ फिरवत राहायचे. पाक सुकला की पुढचा चमचा. असे तीन-चार दिवस. आधी दाणा नुसता पांढरा होतो, काटा नंतर फुटतो. हवा कोरडी आणि गार हवी, निखारा बेताचा हवा आणि मन शांत हवं. घाई केली की दाणे एकमेकांना चिकटून गोळा होतो. दर वर्षी दोघी मिळून हलवा करायच्या. आमच्या ईदचा शीरखुर्मा काकूंकडे जायचा, त्यांच्या संक्रांतीचा हलवा आमच्याच घरात व्हायचा.

1993 च्या जानेवारीत मुंबई पेटली, जोगेश्वरीही. परात आमच्या घरी होती. दाणे पांढरे झाले होते, काटा फुटायचा होता. अम्मीने ती परात फडक्यात बांधून फळीवर ठेवली आणि आम्ही मुंब्र्याला नातेवाइकांकडे गेलो. काकूंचं घर डोंबिवलीला गेलं. कुणी कुणाचा निरोप घेतला नाही. तेवढी सवडच नव्हती, आणि खरं सांगायचं तर धीरही नव्हता.

आम्ही परतलो तेव्हा रथसप्तमी उलटून गेली होती. तिळगुळाचे दिवस संपले होते. अम्मीने परात खाली काढली, शेगडी पेटवली आणि दोन दिवस एकटीने बसून काटा आणला. मग डबा आणि परात घेऊन ती डोंबिवलीला निघाली. मी सोबत होतो. रस्ताभर ती एक शब्द बोलली नाही.

काकूंनी दार उघडलं. त्यांनी डबा उघडून दोन दाणे तळहातावर घेतले, खिडकीपाशी उजेडात धरून पाहिले आणि म्हणाल्या, "भाभी, काटा छान आलाय." मग दोघी रडल्या. निघताना काकूंनी परात अम्मीच्या हातात परत दिली. "आता तुम्हीच करा," म्हणाल्या. त्या पुन्हा जोगेश्वरीत राहायला आल्या नाहीत.

आज दोघीही नाहीत. परवा पुतणीने विचारलं, साचे ठेवायला एखादं कोरडं, पसरट भांडं आहे का? मी फळीवरची परात काढली आणि फडक्याने नीट कोरडी करून तिला दिली. कुणाची, तेही सांगितलं. येत्या संक्रांतीला हलवा करून बघू, म्हणते. कसा करतात ते मला पाहून ठाऊक आहे. मी शेजारी बसेन.